हालअपेष्टांची भलामण पुरे

तरुण चित्रकार-शिल्पकारांना शिष्यवृत्त्या, फेलोशिप, रेसिडेन्सी आणि रोख पुरस्कार देणं बंद करावं, अशी मागणी आपल्या कलाक्षेत्रातल्या एका ज्येष्ठांनी अलीकडेच भर सभेत केली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत कलाशिक्षकही होते, याचं मला अधिक वाईट वाटलं. ज्येष्ठांचं म्हणणं थोडक्यात असं : कलावंत हालअपेष्टांतूनच घडतो; अनुदानाने तो ऐदी होतो; परीक्षकांना रुचेल तेच रंगवू लागतो; पुरस्कार वशिल्याच्या माणसांनाच मिळतात; ज्याच्या कामात दम आहे त्याला बाजार शोधत येतो; आणि करदात्यांचा पैसा रस्त्यांसाठी आणि पाण्यासाठी आहे, कुणाच्या कॅनव्हाससाठी नाही. मग त्यांनी हुकमाचा पत्ता टाकला : ‘हुसेनना कुणी फेलोशिप दिली होती?’

या पत्त्याचाच समाचार आधी घेतला पाहिजे, कारण गेली कित्येक वर्षं तो प्रत्येक वादात टाकला जातो आणि समोरचा गप्प बसतो. पंढरपुरात जन्मलेल्या हुसेन यांनी मुंबईत सिनेमाचे फलक रंगवले, हे खरं. पण १९४७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्राला पारितोषिक मिळालं आणि त्यांच्याकडे लोकांचं लक्ष गेलं, हेही तितकंच खरं. १९५५ मध्ये ललित कला अकादमीच्या राष्ट्रीय प्रदर्शनात त्यांच्या ‘जमीन’ या चित्राला पहिलं पारितोषिक मिळालं. अकादमी स्थापन होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. म्हणजे ज्यांचा दाखला पुरस्कारांविरुद्ध दिला जातो, त्यांच्या वाटेवरचे दोन ठळक टप्पे पुरस्कारांचेच आहेत. गोष्टीचा अर्धा भाग सांगायचा आणि उरलेला अर्धा गिळायचा, याला युक्तिवाद म्हणत नाहीत.

हुसेन यांच्या सोबत्यांचंही तेच. रझा १९५० मध्ये पॅरिसला गेले ते फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर. गायतोंडे १९६४ मध्ये न्यूयॉर्कला गेले ते रॉकफेलर फेलोशिपवर, आणि त्याच दशकाच्या अखेरीस तय्यब मेहताही त्याच मार्गाने गेले. घरगडी म्हणून राबलेल्या आरांची चित्रं रुडी फॉन लेडन यांच्या नजरेस पडली नसती, तर ती कुठे राहिली असती कोण जाणे. नाझींमुळे युरोप सोडून मुंबईत आलेले लॅंगहॅमर, श्लेसिंगर आणि लेडन यांनी या पोरांना घरी बोलावलं, पुस्तकं दाखवली, चित्रं विकत घेतली, वर्तमानपत्रात त्यांच्यावर लिहिलं. ज्या पिढीला आपण स्वयंभू म्हणून मिरवतो, तिच्या पाठीशी एवढी माणसं आणि एवढा पैसा उभा होता.

तेव्हाच्या वॉर्डन रोडवरची भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूट तर विसरूच नका. भुलाभाई देसाई यांच्या सून मधुरीबेन यांनी उभ्या केलेल्या या वास्तूत चित्रकारांना नाममात्र भाड्यात स्टुडिओ मिळत. गायतोंडे तिथे काम करत, हुसेन करत. अल्काझींची नाटकं तिथे होत. रविशंकर यांची संगीतशाळा तिथेच होती. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकणाऱ्या नलिनी मलानी यांना विद्यार्थिदशेतच तिथे जागा मिळाली. पुढे १९६९ मध्ये अकबर पदमसींना नेहरू फेलोशिप मिळाली. त्यांनी तो पैसा स्वतःच्या ऐषआरामावर न उडवता त्यातून चित्रकार, छायाचित्रकार आणि चित्रपटवाले एकत्र काम करतील अशी कार्यशाळा उभी केली. तरुण मलानींचे सुरुवातीचे फिल्मचे प्रयोग तिथलेच. एका माणसाच्या फेलोशिपवर इतकी माणसं शिकली. ऐदीपणा यात कुठे दिसतो, ते ज्येष्ठांनी मला दाखवून द्यावं.

गायतोंडे वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत. रंग चढवायचा, काढायचा, वाट बघायची, पुन्हा चढवायचा. असल्या कामाला बाजार आधी विचारत नाही; विचारतो तो खूप नंतर. मधली वर्षं कुणीतरी भरून काढावी लागतात. प्रभाकर बरवे यांची ती वर्षं सरकारी नोकरीने भरून काढली. वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये त्यांनी सुमारे दोन दशकं पगारावर काम केलं. या नोकरीनेच त्यांना बनारसला नेलं आणि तिथे त्यांच्या चित्रांनी वेगळं वळण घेतलं. त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ वाचलेल्या कुणालाही विचारा, महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा हा माणूस आळशी होता का.

अजून मागे जा. अलिबागजवळच्या सासवण्यात गणपतीच्या मूर्ती करणाऱ्याच्या घरी १८९१ मध्ये जन्मलेल्या विनायक करमरकर या मुलाने गावातल्या राममंदिराच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं. जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांनी ते पाहिलं आणि मुलाला जे. जे.त धाडण्याची व्यवस्था केली. पुण्यातला १९२८ चा महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्या मुलाने घडवला. कलेक्टरसाहेब त्या दिवशी दुसऱ्या गावाला गेले असते तर? हालअपेष्टा तर सासवण्यातही होत्याच. नुसत्या हालअपेष्टांनी पुतळा घडवला असता का?

आणि या सगळ्या युक्तिवादातली सगळ्यात मोठी लबाडी सांगायची राहिलीच. हुसेन यांच्याबरोबर त्याच शिड्यांवर उभं राहून फलक रंगवणारी बाकीची माणसं कुठे गेली? त्यांचीही उपासमार होत होती, त्यांचाही हात तयार होता. त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. जो वाचला त्याच्याकडे बोट दाखवून ‘पुराने माणूस घडतो’ म्हणायचं आणि वाहून गेलेल्यांचा हिशेबच ठेवायचा नाही, हा निर्दयपणा आहे.

माझ्या ओळखीचा एक शिल्पकार लातूरकडून आला, जी. डी. आर्ट झाला. आता नालासोपाऱ्याला एका खोलीत तिघांबरोबर राहतो. सिनेमाच्या सेटवर मोल्डिंगचं काम करतो, गणपतीच्या आधीचे काही महिने कारखान्यात फिनिशिंग करतो. खोलीच्या कोपऱ्यात त्याने शाडूत आईचं पोर्ट्रेट लावलं होतं. शाडूवर रोज ओलं फडकं आणि वरून प्लास्टिक घालावं लागतं, नाहीतर माती सुकते. सेटवर सलग रात्रपाळ्या लागल्या, फडकं वाळलं, गालाची माती आर्मेचरवरून सुटून खाली पडली. त्याने ती गोळा केली, बादलीत भिजत घातली. पुन्हा पोर्ट्रेट लावायला वेळच मिळाला नाही. त्याच्या हातात कसब कमी नाही. त्याला हवे आहेत फक्त काही महिने आणि दार लावता येईल अशी एक जागा.

इथे एक जुना वाद आठवतो. राजाश्रय घ्यावा की नाही, सरकारी सन्मान स्वीकारावा की परत करावा, यावर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या परिसंवाद झाले, अंक निघाले, मित्र दुरावले. त्या सगळ्या चर्चेत बोलणारे बहुतेक जण प्रस्थापित होते. त्यांच्यापुढे प्रश्न होता सन्मानाचा. पंचविशीतल्या मुलापुढे प्रश्न असतो फ्रेमवाल्याच्या उधारीचा. या दोन गोष्टी एकाच तागडीत घालून आपण फार वर्षं वाया घालवली आणि त्याची किंमत ज्यांनी मोजली ते त्या परिसंवादांना कधीच नव्हते.

उरलेल्या मुद्द्यांना मी फार जागा देणार नाही. परीक्षकांना रुचेल ते रंगवतात म्हणता? मग गिऱ्हाइकाला रुचेल ते रंगवणं कसं चालतं? पुरस्कारांत वशिला चालतो, हे मान्य. मग वशिला काढा, पुरस्कार कशाला काढता? बाजार शोधत येतो म्हणता, तर जहांगीर आर्ट गॅलरीची तारीख मिळेपर्यंतची वर्षं, हॉलचं भाडं, टेम्पो आणि कॅटलॉगचा खर्च कोण सोसतो ते सांगा. करदात्यांचं म्हणाल तर सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलावंतांची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयोगटासाठी दरमहा ५ हजार रुपये आणि तीही २ वर्षं आहे. एवढ्या पैशात वसईला खोलीही मिळत नाही. या रकमेने कुणी ऐदी झाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

मग काय हवं? मोठमोठ्या रकमांचे मोजके पुरस्कार नकोत. छोट्या रकमा पुष्कळ जणांना द्या, आणि त्या काम झाल्यावर नव्हे, आधी द्या. प्रदर्शनाची प्रवेश फी नवोदितांकडून घेणं थांबवा. निवड होवो न होवो, फी बुडते, हे चीड आणणारं आहे. अर्ज मराठीत भरता आला पाहिजे. आर्टिस्ट स्टेटमेंट इंग्रजीत लिहिता येत नाही म्हणून जव्हारचा मुलगा मागे पडतो आणि त्याची चित्रं कुणी बघतच नाही. परीक्षकांची नावं आधी जाहीर करा आणि नाकारलेल्याला दोन ओळींत कारण कळवा. रेसिडेन्सीला लहान मूल घेऊन येणाऱ्या बाईला खोली द्या. ‘एकटी येणार असाल तरच’ ही अट काढून टाका. आणि दिल्लीच्या गढी गावात १९७६ पासून जसे सामाईक स्टुडिओ आहेत, तशी जागा आपल्या प्रत्येक विभागात असू द्या : छाप घ्यायला प्रेस, माती मळायला फरशी, भट्टी, चोवीस तास पाणी.

यासाठी सरकारची वाट बघत बसायचंही कारण नाही. तुमच्या गावातल्या वाचनालयाची वरची खोली, बंद पडलेल्या शाळेचा वर्ग, देवस्थानाची रिकामी ओवरी, सोसायटीचं वापरात नसलेलं ऑफिस असेल, तर ते एका चित्रकाराला किंवा शिल्पकाराला दोन वर्षं वापरू द्या. भाडं घेऊ नका, वीजबिल तुम्ही भरा आणि त्याने काय करावं ते सांगू नका.