खोलीच्या भाड्यात काय काय येते?

पुण्याच्या चांदणी चौकातून निघालेला रस्ता भूगाव, पिरंगुट, पौड ओलांडून मुळशीच्या जलाशयाकाठाने ताम्हिणी घाटाकडे जातो. गेल्या दोन-अडीच दशकांत या रस्त्याच्या दोन्ही अंगांना रिसॉर्टची रांग लागली. त्यात डोंगरउतारावरचे खासगी बंगले आहेत, आरोग्य-विश्रांतीची महागडी केंद्रे आहेत आणि एखाद्या शेतकऱ्याने स्वतःच्या वावरात बांधलेल्या चार खोल्याही आहेत. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी ही सगळी भरतात आणि त्याच दोन दिवसांत ठरावीक भांडणे होतात. चहा यायला पाऊण तास लागला. नाश्ता साडेदहाला उचलला. जैन जेवण आधी कळवूनही कांदा आला. नायलॉनचा पोशाख नाही म्हणून तरणतलावात उतरू दिले नाही. रात्री दोनला फोन केला तर कोणी उचलला नाही. या तक्रारींवर गिऱ्हाईक म्हणते, सर्व्हिस वाईट. हॉटेलवाले म्हणतात, लोकांना वागायची रीत नाही. दोन्ही निदाने मला चुकीची वाटतात. काय विकले आणि काय विकत घेतले, हे पैसे घेता-देताना दोघांपैकी कोणीच स्पष्ट सांगितलेले नसते, हे या भांडणांचे मूळ आहे. आणि ही अस्पष्टता ‘पाहुणा’ या आपल्या आवडत्या शब्दाच्या आडोशाने टिकून राहिली आहे.

मराठी घरातल्या पाहुणचाराला दोन बाजू असतात. यजमान आग्रह करतो, स्वतः वाढतो, पाहुण्याच्या ताटाकडे लक्ष ठेवून शेवटी जेवतो. पण पाहुण्यालाही तितकीच कडक शिस्त असते. तो अमुक पदार्थ करा असे सांगत नाही, पानात टाकत नाही, रिकाम्या हाताने येत नाही आणि मुक्काम लांबवत नाही. ‘यजमान’ या शब्दाचा मूळ अर्थच स्वतःच्या खर्चाने यज्ञ करणारा असा आहे. तो स्वतःचे देतो, म्हणून त्या देण्याला मोल आहे. आणि न देण्याचे स्वातंत्र्य त्याच्याकडे असते, म्हणून ते देणे खरे असते. रिसॉर्टमध्ये या व्यवहाराचा अर्धाच भाग उचलला जातो. आग्रह आणि हवे-नको विचारणे हवे असते, पाहुण्याची शिस्त मात्र घरी राहते, कारण ‘पैसे मोजलेत’. आणि आग्रह करायचा कोणी, तर ज्याचे त्या स्वयंपाकघरात काहीही नाही आणि ज्याला नाही म्हणण्याचा अधिकार नाही अशा वेटरने. अतिथीला देव मानण्याचा उपदेश तैत्तिरीय उपनिषदात गुरुकुलातून घरी परतणाऱ्या शिष्याला, म्हणजे उद्याच्या गृहस्थाला केलेला आहे. पगारी नोकराने खोली भाड्याने घेणाऱ्याला देव मानावे, असे त्यात कुठेही नाही. पर्यटनाच्या जाहिरातींनी तो उपदेश उंबरठ्यावरून उचलून काउंटरवर ठेवला आणि तेव्हापासून आपण दोन वेगळे व्यवहार एकाच नावाने हाकतो आहोत.

सेवा कशी लिहून द्यावी हे शिकायला मुळशी तालुक्याबाहेर जायचीही गरज नाही. हिंजवडी आणि माण ही गावे मुळशी तालुक्यातलीच. तिथल्या आयटी पार्कमध्ये काम करणारी हजारो माणसे परदेशातल्या ग्राहकांना रात्रंदिवस सेवाच पुरवत असतात. त्यांच्या करारात प्रत्येक गोष्ट लिहिलेली असते: किती वेळात उत्तर द्यायचे, कोणती अडचण तातडीची आणि कोणती सकाळपर्यंत थांबेल, कोणते काम ठरलेल्या रकमेत आणि कोणते वेगळ्या पैशांत. ग्राहकाने ऐन वेळी नवे काही मागितले तर त्याला वेगळी मागणी म्हणतात आणि तिचा दर वेगळा लागतो. या लेखी मर्यादेमुळे ग्राहकाचा अपमान झाला असे कोणी म्हणत नाही. उलट अभियंत्याच्या झोपेला तिचेच संरक्षण असते. हाच माणूस चाळीस-पन्नास किलोमीटरवर, त्याच तालुक्यात, दोन रात्री राहायला जातो तेव्हा त्याच्या हाती जो कागद पडतो त्यावर पॅकेजची रक्कम, ‘अनलिमिटेड’ हा शब्द आणि तलावाचे छायाचित्र एवढेच असते. अनलिमिटेड म्हणजे काय, हे त्याने स्वतःच्या मनाने ठरवले तर दोष त्याच्या एकट्याचा नाही.

आलिशान रिसॉर्टचा हा साचा जिथे पक्का झाला त्या कॅरिबियन बेटांकडे पाहिले की पुढचा धोका दिसतो. जमैकातल्या माँटेगो बे इथे 1981 मध्ये सँडल्सचे पहिले रिसॉर्ट सुरू झाले आणि राहणे, खाणे, पिणे, खेळ हे सगळे एका रकमेत देण्याची पद्धत त्या बेटांवर रुजली. तिथे येणाऱ्या अमेरिकी माणसाला सेवेचे मोल बक्षिशीने मोजायची सवय, तर युरोपातून येणारा ‘बिलात सगळे आले’ असे धरून चालणारा. दोन्ही जण आपापल्या परीने बरोबर, आणि मधे सापडतो तो ट्रे घेऊन उभा असलेला माणूस. सँडल्सने त्यावर नियम केला: बटलरसारख्या काही सेवा वगळता बक्षिशी रकमेतच धरलेली आहे, वेगळी देऊ नये. पैशांपुरता हा घोळ मिटला. न मिटलेली गोष्ट अधिक खोल आहे. ब्रिटिशांच्या ताब्यातल्या त्या बेटांवर गुलामगिरी कायद्याने 1834 मध्ये संपली. ज्यांच्या पूर्वजांना सेवा सक्तीने करावी लागली, त्यांच्याच वंशजांनी हसतमुखाने सेवा करावी, ही अपेक्षा तिथे साधी राहत नाही. अँटिग्वाच्या लेखिका जमैका किंकेड यांनी 1988 मध्ये ‘अ स्मॉल प्लेस’ या छोट्या पुस्तकात पर्यटकाला थेट ऐकवले ते हेच. पर्यटकाला दिसणारा आळस किंवा तुसडेपणा पुष्कळदा काम करणाऱ्याने राखून ठेवलेला स्वाभिमान असतो.

मुळशीचा इतिहास वेगळा आहे, पण कोरा नाही. ज्या पाण्याकडे तोंड असलेल्या खोलीला जास्त दर लागतो, ते पाणी टाटांच्या वीजप्रकल्पासाठी अडवलेले आहे. मुळा-निळेच्या खोऱ्यातली सुमारे पन्नास गावे त्यात विस्थापित झाली. 1921 च्या रामनवमीला इथल्या मावळ्यांनी त्याविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्यात उतरले आणि तुरुंगात गेले. लढा हरला आणि 1927 पर्यंत धरण उभे राहिले. नंतरच्या काळात उरलेल्या डोंगरउतारांची खरेदी-विक्री झाली. लवासा हे खासगी कंपनीचे नियोजित शहर तर इटलीतल्या पोर्तोफिनो गावाचे रूप घेऊन मोसे खोऱ्यात उतरले. तिथे स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या हॉटेलविद्या संस्थेच्या सहकार्याने महाविद्यालयही निघाले आणि 2018 मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. या सगळ्यातून गेलेल्या गावचा मुलगा आज रिसॉर्टच्या गेटवर, बागेत किंवा हाउसकीपिंगमध्ये असतो, तेव्हा तो पाहुण्याच्या दारात आलेला नसतो, पाहुणा त्याच्या गावात आलेला असतो. त्याला ‘ए’ म्हणून हाक मारणाऱ्याला हे ठाऊक नसते. त्याच्या छातीवरच्या पट्टीवर फक्त पहिले नाव असते, आडनाव नाही, गाव नाही.

या कामात हातापायांइतकाच चेहराही राबतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी 1983 मध्ये हवाई सुंदरींचा अभ्यास करून दाखवून दिले की प्रसन्नता हीसुद्धा नोकरीचा भाग म्हणून विकली जाते आणि ती सतत विकणारा माणूस स्वतःच्या खऱ्या भावनांपासून तुटत जातो. हॉटेलातल्या ब्रेक शिफ्टने यात भर घातली आहे. सकाळच्या नाश्त्याला ड्युटी, दुपारी काही तास मोकळे आणि पुन्हा संध्याकाळपासून रात्रीचे जेवण आवरेपर्यंत. मधले मोकळे तास डोंगरावरच्या स्टाफ क्वार्टरमध्येच काढायचे, कारण घर गाठण्याइतका वेळच नसतो. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली आहे आणि जादा तासांना दुप्पट दर सांगितला आहे. रात्री दोनच्या चहाची अपेक्षा धरणाऱ्याने एवढा हिशेब करून पाहावा: त्या वेळी जागा असलेला माणूस रात्रपाळीचा आहे की सकाळी सहापासून उभा आहे? रात्रपाळी ठेवायची तर तिचा पगार दरात यायला हवा आणि तो दर उघड सांगायला हवा. नसेल तर स्वयंपाकघर साडेदहाला बंद होते, हे तितक्याच उघडपणे सांगावे.

यावर ताजचे उदाहरण हमखास पुढे येईल. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात मुंबईच्या ताजमधल्या कर्मचाऱ्यांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून पाहुण्यांना बाहेर काढले, काहींनी प्राण दिले. ती वृत्ती काय करार लिहून आली होती? हा आक्षेप वजनदार आहे आणि त्याला अभ्यासाच्या आधारेच उत्तर दिले पाहिजे. रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी 2011 मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत लिहिलेल्या लेखात या वागण्याची कारणे शोधली आहेत. कंपनी छोट्या गावांतली मुले गुणांपेक्षा स्वभाव पाहून निवडत होती, इतरत्र साधारण 12 महिने चालणारे प्रशिक्षण 18 महिने देत होती, आणि वरिष्ठांना न विचारता जागेवर निर्णय घेण्याची मुभा देत होती. म्हणजे त्या कर्मचाऱ्यांना यजमानाचा अधिकार मिळाला होता, म्हणून ते यजमानासारखे वागले. रिट्झ-कार्लटन हॉटेलांचे ब्रीदही पाहुणा आणि सेवक या दोघांना एकाच सभ्य दर्जाचे मानते, आणि पाहुण्याची अडचण सोडवण्यासाठी दोन हजार डॉलरपर्यंत खर्चाची मुभा तिथल्या साध्या कर्मचाऱ्याला असते. मुळशीतल्या किती ठिकाणी स्टुअर्डला कॅप्टनला न विचारता एक चहा माफ करता येतो?

दुसरा आक्षेप गिऱ्हाइकाचा. रात्रीचे पंधरा-वीस हजार, वर 18 टक्के जीएसटी. एवढे मोजून तक्रारही करायची नाही का? जरूर करावी. गरम पाणी नसेल, चादर मळकी असेल, कबूल केलेली खोली दिली नसेल, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाण्याचा पूर्ण हक्क आहे आणि त्यात संकोच करू नये. पण जे कबूल केले ते नीट लिहिलेले असेल तरच हा हक्क वापरता येतो. ‘स्वागतात उबदारपणा नव्हता’ यावर कोणता आयोग निकाल देणार? अस्पष्टता गिऱ्हाइकाच्याही विरोधात जाते, आणि मालकाच्या मात्र सोयीची असते. वचन मोघम ठेवायचे, माणसे कमी ठेवायची, आणि चिडलेल्या गिऱ्हाइकापुढे एकोणीस वर्षांच्या पोराला उभे करायचे, हे मला या धंद्यातले सर्वांत अन्यायाचे वाटते.

बक्षिशीने हे सुटेल असे मानणारेही पुष्कळ आहेत. बक्षिशी दिसणाऱ्या हाताला मिळते. भांडी घासणारा, चादरी धुणारी, बाग झाडणाऱ्या मावशी यांच्यापर्यंत ती क्वचितच पोचते. (मावशी म्हणण्यातली आपुलकी चांगली, पण तिच्या नावाखाली पगार कमी ठेवता येतो, हेही लक्षात ठेवलेले बरे.) बिलात आपोआप जोडल्या जाणाऱ्या सेवाशुल्काविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि 28 मार्च 2025 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. रेस्टॉरंटचालक अपिलात गेले आहेत, पण प्राधिकरणाचा मुद्दा मला पटतो: सेवा ही पदार्थाच्या किमतीतच धरलेली असते. ती धरलेली असेल, तर तिच्यातला कामगाराचा वाटाही त्याच्या पगारात दिसला पाहिजे.

सगळे लिहून ठेवले की आपुलकी आटेल, ही भीती मी सर्वांत गंभीर मानते. पण याच तालुक्यातल्या चार खोल्यांच्या कृषी पर्यटन केंद्रात काय घडते ते पाहावे. तिथे आधीच सांगितलेले असते: जेवण साडेआठला, पिठले-भाकरी, आंबेमोहराचा भात, वेगळे काही मिळणार नाही. राज्याने 2020 मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले ते शेतकऱ्याला जोडउत्पन्न मिळावे म्हणून. त्या ओसरीवर वाढणारी बाई घरची मालकीण असते, ती नाही म्हणू शकते, म्हणून तिने जास्तीची भाकरी वाढली की ती आग्रहाची असते. तिथल्या माणसांना रेटिंगचे तारे मोजावे लागत नाहीत, कारण अपेक्षा पहिल्या फोनवरच ठरलेल्या असतात.

मोठ्या रिसॉर्टने हे करायला एक पान पुरे. बुकिंगच्या वेळीच, मराठीतून, स्वयंपाकघराच्या वेळा, रात्री काय मिळेल आणि काय नाही, खोलीमागे किती माणसे कामावर आहेत, बक्षिशी घेतली जाते की नाही आणि घेतली तर कशी वाटली जाते, तक्रार कोणाकडे करायची, आणि शिवीगाळ झाल्यास कर्मचारी सेवा थांबवू शकतो ही ओळ. पर्यटन संचालनालय रिसॉर्टची नोंदणी करताना हे पान मागू शकते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. पावसाळ्याचे बुकिंग मे महिन्यापासून सुरू होते. यंदा ते पान त्याआधी छापून तयार असावे, आणि त्याच्या खालच्या भागात खिडकीतून दिसणाऱ्या पाण्याखाली कोणती गावे होती त्यांची नावेही असावीत. पौडच्या बाजूची जुनी माणसे ती अजून सांगू शकतात.