उभ्याने होणारी नोकरी आणि पायांच्या शिरा

आपल्या पेढ्यांवर बसण्याचा मान गादीचा आणि उभे राहण्याचे काम नोकराचे, ही वाटणी वाडवडिलांपासून चालत आलेली आहे. कापडाच्या दुकानात तर सकाळपासून रात्री दिवे मालवेपर्यंत ताग्यामागून तागा उलगडणारा मनुष्य भोजनापुरता काय तो टेकतो. या उभे राहण्याचे मोल कोणत्याही खातेवहीत चढत नाही, परंतु त्याच्या पायांवर ते स्पष्ट दिसते.

पायाच्या कातडीखाली दोन मुख्य शिरा आहेत. मोठी सॅफेनस नावाची शीर आतल्या घोट्याच्या पुढून निघून मांडीच्या आतल्या बाजूने जांघेपर्यंत जाते व तेथे खोल शिरेस मिळते. लहान सॅफेनस बाहेरच्या घोट्यामागून पोटरीवरून गुडघ्याच्या मागे पोहोचते. वर चढणारे रक्त खाली घसरू नये म्हणून या शिरांत जागोजागी एकेरी झडपा असतात, आणि चालताना पोटरीचा स्नायू आवळला की रक्त वर ढकलले जाते. मनुष्य एका जागी खिळून राहिला की हे ढकलणे थांबते आणि रक्ताचा भार शिरांच्या भिंतींवर पडतो. शीर ताणून रुंद झाली की झडपा नीट मिटत नाहीत, रक्त उलटे उतरते व निळसर, नागमोडी गाठी दिसू लागतात. आनुवंशिकता, गर्भारपण, वय, स्थूलता ही कारणेही आहेत. सगळा दोष दुकानावर टाकणे न्यायाचे नव्हे. मात्र ज्याच्या अंगी ही प्रवृत्ती आहे, त्याचा विकार तासन् तास उभे राहण्याने बळावतो.

प्रारंभी सायंकाळी पाय जड होणे, घोट्याशी सूज येणे एवढेच असते. दुर्लक्ष झाल्यास आतल्या घोट्यावरची कातडी काळवंडते आणि महिनोन् महिने न भरणारी जखम होते. एखादी गाठ फुटून रक्त वाहू लागले, तर रोग्यास निजवून पाय उंच करावा, फडक्याने घट्ट दाबून धरावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. सुश्रुताने शिराज ग्रंथीचे वर्णन केले आहे, तेव्हा हा विकार नवा नव्हे. उपाय मात्र पुष्कळ सुधारले आहेत. 1891 मध्ये जर्मन शल्यविशारद ट्रेंडेलेनबुर्ग यांनी मोठी सॅफेनस बांधून टाकण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. आज सोनोग्राफीने बिघडलेली जागा पाहून लेझरच्या उष्णतेने ती शीर आतून बंद करता येते. बहुतेक रक्त खोल शिरांतूनच जात असल्याने, त्या निरोगी असल्यास, ही शीर गेल्याने अडत नाही.

पण उपचाराचा प्रश्न पुढचा. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत बंध, वध, छेद यांच्या पंक्तीत अतिभारारोपण गणले आहे. पाठीवरचे ओझे तेवढेच भार, असा अर्थ आपण का करावा? बाहुबलींचा कायोत्सर्ग आपणांस वंद्य आहे. तो त्यांनी स्वतः स्वीकारला होता. पगारासाठी उभा असलेला मुलगा तपश्चर्येस आलेला नसतो.

गिऱ्हाईकासमोर नोकर बसलेला शोभत नाही, असा आक्षेप येतो. गिऱ्हाईक आले की तो उठेलच. दुकान रिकामे असताना त्याने कोणाच्या शोभेसाठी ताटकळावे? कोझिकोडच्या कापड-दुकानांतील स्त्रियांनी या बसण्याच्या हक्कासाठी चळवळ केली. केरळने 2018 मध्ये व तमिळनाडूने 2021 मध्ये दुकानांत आसनाची सोय कायद्याने बंधनकारक केली. तेथील बाजार त्यामुळे बुडाल्याचे ऐकिवात नाही. आपल्या भागात सरकारी निरीक्षकाने येऊन सांगेपर्यंत थांबणे आम्हांस तरी कमीपणाचे वाटते.

नुसते स्टूल ठेवून भागणार नाही, हेही खरे. पाय लोंबकळत दिवसभर बसणेही शिरांना मानवत नाही, आणि ही गोष्ट गादीवरील मंडळींनीही ध्यानी घ्यावी. तासा-दीड तासाने पाच मिनिटे चालणे, टाचा वर-खाली करणे, रात्री पाय उशीवर ठेवणे, आणि डॉक्टरांनी सांगितल्यास दाबमोजे वापरणे हे सर्वांस साधण्यासारखे आहे. मोज्यांचा खर्च मालकाने सोसावा.

संघाच्या येत्या वार्षिक सभेत, प्रत्येक सभासदाने दर दोन नोकरांमागे निदान एक आसन ठेवावे, असा ठराव आम्ही मांडणार आहोत. अनुमोदनास सभासद बंधूंनी पुढे यावे.