कोंबडीच्या खाद्यात ओवा-लसूण

मैत्रिणींनो, आजारी मुलाला अँटिबायोटिक लागू पडेनासं झालं, की आईच्या पोटात गोळा येतो. याचं एक मूळ कोंबड्यांच्या खाद्यात आहे, बरं का! वजन लवकर भरावं म्हणून ही औषधं रोज थोडी थोडी खाद्यात मिसळण्याची रीत पडली. जंतू त्यांना सरावले. म्हणूनच युरोपीय संघाने २००६ साली ही रीत बंद केली आणि आपल्याकडे २०१९ साली कोंबड्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी आली.

मग त्याऐवजी काय? आपल्याच स्वयंपाकघरातलं! ओव्यातला थायमॉल, लसूण, हळद आणि दह्यातल्यासारखे उपकारक जंतू आता खाद्यात घालतात. पोट ठीक राहिलं, की खाल्लेलं अंगी लागतं. जोडीला कोरडं तूस नि स्वच्छ पाणी हवंच. परसात कोंबड्या असतील तर एवढं लक्षात ठेवा: मानमोडीवर ना लसूण चालतो, ना अँटिबायोटिक. तिथे वेळेवर लसच हवी.

आणि हो, कोंबडी नीट शिजवा. ती कापलेली सुरी धुतल्याशिवाय कोशिंबिरीला मुळीच लावू नका!