आंबट-गोड रसाचा हिशेब

मध्यंतरी आमच्या वस्तीतील समाजमंदिरात रक्ततपासणीचे शिबीर झाले. आम्ही कारकून माणूस, तेव्हा वहीत नावे व आकडे लिहिण्याचे काम ओघानेच आमच्याकडे आले. रांग पुढे सरकत होती आणि आम्ही लिहीत होतो, साडेनऊ, नऊ, दहा, साडेआठ. स्त्रियांचे हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेले की रक्तक्षय समजतात, गरोदर असल्यास 11 च्या खाली. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 15 ते 49 वयाच्या दर शंभर स्त्रियांत 57 जणींना रक्तक्षय आढळला होता. असा आकडा वाचणे वेगळे आणि ओळखीच्या नावापुढे आपल्या हाताने लिहिणे वेगळे.

साडेआठवाल्या मावशी चार घरची धुणीभांडी करतात. त्यांनी आम्हालाच विचारले, "भाऊ, मेथी, शेपू, कायतरी पाला रोज खाते. बाजरीची भाकर खाते. मग रक्त का वाढत नाही?"

शेजारी बसलेल्या डॉक्टरबाईंनी उलट विचारले, "जेवल्यावर चहा घेता का?"

"त्याच्याबिगर जेवल्यासारखं वाटत नाही बाई."

गोम तिथेच होती. मटण, कलेजी, मासळी यांतील लोह शरीर सहज उचलते. पालेभाजी, बाजरी, डाळी यांतील लोहाचा मात्र थोडाच भाग अंगी लागतो. त्याच जेवणात 'सी' जीवनसत्त्व पोटात गेले तर हा भाग वाढतो, आणि चहा गेला तर घटतो. म्हणजे भाजीवर पैसे खर्च होतात, पण जमेच्या बाजूला फारसे पडत नाही.

आता वाचक म्हणतील, यात आंबट-गोड रस कुठून आला? सांगतो. त्याच आठवड्यात आमच्या धाकट्या मुलीने मॉलमधून सॅलड ड्रेसिंगची बाटली आणली. व्हिनेगर, साखर, तेल, मीठ आणि मोहरीची पूड घुसळून केलेला हा रस पाश्चात्त्य देशांत कच्च्या कोबी-काकडीवर ओततात. चव नाकारण्यासारखी नाही. मुले एरवी हात न लावणारी कोबीची ताटली त्या रसाने चाटूनपुसून खातात, हे आम्ही पाहिले. पण बिल हाती आले की तपासायचे ही आमची जुनी खोड. बाटलीवरील बारीक अक्षर चष्मा पुसून वाचले. घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागतात, म्हणजे जे जास्त ते आधी. आमच्या बाटलीत पाण्यानंतर लगेच साखर होती, 100 ग्रॅममागे 24 ग्रॅम. दोन मोठे चमचे म्हणजे सुमारे 30 ग्रॅम रस घेतला तर सात ग्रॅमच्या वर साखर झाली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहिली तर अधिक चांगले. चहाची साखर आपल्याकडे आधीच असते! आणि या सगळ्यात 'सी' जीवनसत्त्व? जवळजवळ नाही. आंबटपणा होता तो व्हिनेगरचा.

आंबट म्हणजे 'सी' जीवनसत्त्व असा आपला समज असतो, आमचाही होता. तो खरा नाही. व्हिनेगरमध्ये ते नसते. चिंच तोंडाला पाणी आणते, पण तिच्यातही ते नाममात्रच. लिंबात असते, 100 ग्रॅम रसात 40 मिलिग्रॅमच्या आसपास. पेरूत त्याच्या कितीतरी पट, आवळ्यात त्याहूनही अधिक. आणि गंमत म्हणजे आंबट नसलेल्या कच्च्या कोबीतही जवळजवळ लिंबाच्या रसाइतकेच असते. शिजवले की मात्र त्यातले बरेचसे जाते.

आमच्या सौ.नी बाटलीतला रस चाखून घरीच तसा केला. मोठ्या लिंबाचा रस, त्यात छोटा चमचा किसलेला गूळ विरघळवायचा, दोन चिमटी मीठ, छोटा चमचा शेंगदाण्याचे तेल आणि चिमूटभर फेसलेली मोहरी. झाकणाच्या बरणीत घालून जोराने हलवायचे. मोहरीमुळे तेल आणि रस काही वेळ एकजीव राहतात. चार माणसांना पुरतो, साखर माणशी सव्वा ग्रॅमच्याही आत. गुळात लोह असते म्हणून तो जास्त घालावा असे कोणी सांगेल, पण एवढ्याशा गुळातून मिळणारे लोह नगण्य, आणि मधुमेह्याला गूळ व साखर सारखीच. ज्यांना साखरेचा त्रास आहे त्यांनी गूळ वगळून दाण्याचे कूट घालावे, गोडसरपणा येतो. गाजराची कोशिंबीर असेल तर तेल किंवा कूट सोडू नये, कारण गाजरातले 'ए' जीवनसत्त्वाचे मूळ द्रव्य स्निग्ध पदार्थाबरोबर अंगी लागते.

हा रस फक्त काकडीवरच घालायचा असे थोडेच आहे. मोड आलेल्या उकडलेल्या मटकीवर घाला, परतलेल्या मेथीवर ताटात घ्या. भाजलेला जवळा, बारीक चिरलेला कांदा आणि हा रस, बरोबर बाजरीची भाकर, याची चव आम्ही वेगळी सांगायला नको. तिथे मात्र वरून मीठ टाकू नका, सुकटात ते आधीच भरपूर असते. चुलीवरच्या भांड्यात लिंबू पिळण्यापेक्षा ताटात पिळलेले बरे. रस पितळेच्या किंवा तांब्याच्या बिनकल्हईच्या भांड्यात ठेवू नये. डब्यात न्यायचा तर वेगळ्या छोट्या बाटलीत न्यावा. मीठ लागले की काकडीला पाणी सुटते आणि दुपारपर्यंत पोळीचा लगदा होतो. कचेरीत आमच्या फायलीवर एकदा हे पाणी सांडलेले आहे, तेव्हा अनुभवाचे बोल. कच्ची भाजी वाहत्या पाण्याखाली नीट धुवावी, पावसाळ्यात तर विशेष. वरून लिंबू पिळले म्हणून न धुतलेला कोबी स्वच्छ होत नाही.

लिंबू महागते हेही खरे. 2022 च्या एप्रिलमध्ये एकेका लिंबाला दहा रुपये मोजले ते कोणी विसरले नसेल. अशा वेळी चिंचेचा कोळ चवीला घ्यावा आणि 'सी' जीवनसत्त्वासाठी कच्चा कोबी, कैरीचा कीस, किंवा हंगामात असेल तर जेवणाबरोबर पेरूच्या दोन फोडी.

मावशींना डॉक्टरबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या. साडेआठचे बारा नुसत्या लिंबाने होत नाहीत, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. जंत, पाळीत फार रक्त जाणे, अशी कारणेही पाहावी लागतात. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची आणि चहा जेवणाच्या व गोळीच्या आगेमागे तासभर घ्यायचा नाही, असे त्या म्हणाल्या. मावशींनी गोळ्या पदरात बांधल्या. चहाचे ऐकून त्यांचा चेहरा पडला.

"तासाभरानं तर मी तिसऱ्या घरी असते भाऊ. तिथं कोण देतंय चहा?"

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. शेवटी चहा जेवणाआधी, पहिल्या घरी निघतानाच घ्यायचा असे ठरले. आमची मुलगी एक छोटी बरणी त्यांना देऊन आली आहे.