परसातील साप : वैर आणि भक्ती यांच्या पलीकडे

परसबागेत, म्हणजे घरामागील भाजीपाल्याच्या वाफ्यांत, साप दिसताच तो ठेचावा, कारण विषारी-बिनविषारी ओळखत बसणे हा जिवाशी खेळ होय, असे मत परभणी जिल्ह्यातील पोखर्णीसारख्या गावांत सर्रास ऐकू येते. हे मत अडाणीपणाचे म्हणून झटकून टाकणे न्याय्य ठरणार नाही; 2000 ते 2019 या काळात भारतात दरवर्षी सरासरी 58,000 माणसे सर्पदंशाने दगावली असा संशोधकांचा अंदाज आहे, आणि त्यांतील बहुसंख्य खेड्यांतीलच होती. भीतीला आधार आहे. प्रश्न एवढाच, की ठेचण्याने भीतीचे कारण दूर होते काय.

ते होत नाही. या भागातील कापसाची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, त्या भेगांत उंदीर आसरा घेतात व त्यांच्या मागावर साप येतात. पुढे मृगाच्या पावसाने माती फुगून भेगा बुजल्या आणि बिळांत पाणी शिरले, की हे सारे जीव कोरडी, उंच जागा शोधत कडब्याच्या गंजीखाली आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, ढिगात शिरतात. एक साप मारला तरी गंजी तीच आणि उंदीरही तेच, त्यामुळे दुसऱ्याला आमंत्रण कायम राहते. शिवाय काठीखाली सहज सापडते ती धामण, जी दिवसा फिरते, लांबलचक असते, उंदरांचा फडशा पाडते आणि पूर्णपणे बिनविषारी आहे. उलट मज्जासंस्था बधिर करणारे विष असलेली मण्यार रात्री बाहेर पडते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि तो दंश पुष्कळदा जाणवतही नाही. थोडक्यात, शिक्षा भलत्यालाच होते. सापसुरळीचा तर विनाकारण बळी जातो, कारण तिला विष नसतेच. आणि घोरपड मारणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये गंभीर गुन्हा आहे.

विरुद्ध टोकाचा भक्तिभावही तितकाच निरुपयोगी आहे. दूध हे सापाचे अन्न नाही. तहानेने व्याकूळ केलेला साप समोर येईल तो द्रव पितो, एवढाच ‘साप दूध पितो’ या चमत्काराचा अर्थ. ‘साप शेतकऱ्याचा मित्र’ ही घोषणाही अर्धीच खरी, कारण पाचोळ्यात निश्चल पडलेल्या घोणसीवर पाय पडला तर ती मैत्री आठवणार नाही.

ग्राह्य ठरतो तो तिसराच मार्ग : गंजी आणि सरपण घरापासून दूर, शक्यतो मांडवावर रचावे, धान्य उंदरांपासून बंदिस्त ठेवावे, गवत काढताना हाताआधी काठी फिरवावी, पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट आणि अंधारात हाती बॅटरी असावी, साप दिसल्यास मागे सरून जाणकार सर्पमित्रास किंवा वनखात्यास कळवावे. दंश झालाच, तर जखम चिरू नये, आवळू नये, मांत्रिकाकडे वेळ दवडू नये, अवयव न हलवता रुग्णास थेट रुग्णालयात न्यावे. ओळख पटविण्यासाठी साप मारून सोबत नेण्याचा शेवटचा युक्तिवादही टिकत नाही, कारण भारतात मिळणारे, घोड्यांच्या रक्तापासून बनविलेले प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्याही विषावर एकच असते.