हलालचं दुकान सापडेल, पुढचं बोला

मागच्या महिन्यात चुलतभावाचा फोन आला. म्युनिकमधल्या एका कंपनीचं ऑफर लेटर हातात पडलं होतं. बायको आणि दीड वर्षाच्या मुलाला घेऊन जायचं म्हणत होता. मी जर्मनीत साडेपाच वर्षं काढून आलोय, म्हणून सल्ला हवा होता. त्याचे प्रश्न क्रमाने असे: "भाई, हलाल मिळतं का? मशीद जवळपास असते का? हिजाबला कुणी काही बोलतं का?"

तिन्हींची उत्तरं मी दोन मिनिटांत दिली. हलाल मिळतं, तुर्की दुकान जवळजवळ प्रत्येक गावात असतं. मशिदीही आहेत. बऱ्याचशा बाहेरून ओळखूही येत नाहीत, एखाद्या इमारतीच्या मागच्या अंगणात नाहीतर जुन्या गोदामात असतात. हिजाब रस्त्यावर चालतो, नोकरीच्या मुलाखतीत कधीकधी खटकतो. मग मी विचारलं, "तुझी बायको तिथं काय करणार?"

तो म्हणाला, "ती काय, घर बघेल. मूल लहान आहे ना."

त्याची बायको एम. एस्सी., बी. एड. आहे आणि ज्युनिअर कॉलेजात शिकवते. "घर बघेल" या दोन शब्दांवर हा लेख आहे, कारण सात-आठ वर्षांपूर्वी मीही हेच दोन शब्द बोललो होतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. "जाऊ नका" असं मी म्हणणार नाही. आपल्या मुलांना देश सोडावासा वाटतो त्यामागे नुसता पगार नसतो. पुण्यात माझं नाव ऐकल्यावर तीन घरं "नुकतीच गेली" होती. दलाल शेवटी खाली मान घालून म्हणाला, "सोसायटीचा प्रॉब्लेम आहे." भीती खरी आहे, थकवाही खरा आहे. ज्याला जायचंय त्याने जावं. माझं भांडण आपण ज्या पद्धतीने जातो तिच्याशी आहे. ऑफर लेटर एकाच्या नावावर येतं आणि बाकीचं कुटुंब सामानासारखं बांधून नेलं जातं.

आधी किरकोळ गोष्टी उरकतो. भाड्याचं घर बहुतेकदा स्वयंपाकघराशिवाय मिळतं. ओटा, शेगडी, सिंक, सगळं तुम्ही आणायचं. अनामत म्हणून तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी रक्कम मागू शकतात. रविवारी दुकानं बंद. कचरा वेगवेगळ्या डब्यांत. रविवारी भिंतीत खिळा ठोकला तर शेजारी दार वाजवतो. डिसेंबरात साडेचारच्या सुमाराला मगरिब होते, म्हणजे जोहर, असर आणि मगरिब तिन्ही ऑफिसच्या वेळात. कर, पेन्शन, आरोग्य विमा असं कापून माझ्या पगाराचा जवळपास एक तृतीयांश भाग हाती येण्याआधीच जायचा. म्हणून युरोला रुपयांनी गुणून गावभर सांगत फिरू नका. त्या बदल्यात मिळतंही बरंच. सरकारी आरोग्य विम्यात न कमावणारी बायको आणि मुलं जादा हप्त्याशिवाय येतात. २०२३पासून दर मुलामागे महिन्याला २५० युरो भत्ता होता. सरकारी शाळेला फी नाही.

हे सगळं दोन-तीन महिन्यांत अंगवळणी पडतं. जे पडत नाही, ते पुढे.

मी जानेवारी २०१८मध्ये श्टुटगार्टला गेलो. बायको आणि तीन वर्षांची मुलगी मे महिन्यात आल्या आणि त्याच सुमाराला रमजान सुरू झाला. रोजा अठरा तासांच्या आसपास, इफ्तार रात्री नऊनंतर. घरात ओटा नव्हता. जमिनीवर ठेवलेल्या विजेच्या शेगडीवर तिने पहिल्या इफ्तारची भजी तळली. दिवसभर ती उपाशीपोटी, अनोळखी गावात, एका लहान मुलीबरोबर एकटी. मी ऑफिसात. तिथे मला इंग्रजी चालत होतं. खाली पावाच्या दुकानात तिला ते चालत नव्हतं.

बायको बी. फार्म. आहे. निघण्याआधी ती एका हॉस्पिटलच्या फार्मसीत सहा वर्षं काम करत होती. माझ्या ब्लू कार्डामुळे तिला पहिल्या दिवसापासून नोकरी करायची कायदेशीर मुभा होती. मी सगळ्यांना अभिमानाने सांगायचो, "तिकडे बायकोलाही वर्क परमिट मिळतं." परवाना मिळणं आणि काम मिळणं यातला फरक मी पाहिलाच नव्हता. सॉफ्टवेअरवाल्याला जर्मनीत कुणी परवाना विचारत नाही. औषधशास्त्र, डॉक्टरी, नर्सिंग, सरकारी शाळेतली शिक्षकी यांचं तसं नाही. फार्मासिस्ट म्हणून उभं राहायचं तर पदवीची कागदपत्रं अधिकृत भाषांतरकाराकडून भाषांतरित करून घ्या, राज्याच्या खात्याकडून तपासून घ्या, पदवी कमी पडली तर ज्ञानाची परीक्षा द्या आणि वर सी-वन पातळीची व्यवसायाची भाषापरीक्षा द्या. नियम वाईट नाही. औषध देणाऱ्याला पेशंटचं बोलणं समजलंच पाहिजे. पण भाषा शिकायला वर्ग लागतो, वर्गाला वेळ लागतो, आणि वेळ हवा तर मूल कुणीतरी सांभाळायला लागतं.

तिथे मूल कोण सांभाळतं? एक वर्षानंतर प्रत्येक मुलाला पाळणाघरात जागा मिळण्याचा हक्क २०१३पासून कायद्यात आहे. कायद्यात आहे, जागा मात्र कमी आहेत. आम्हाला चौदा महिने थांबावं लागलं. जागा मिळाली तीही दुपारी दीडपर्यंतची. पुढे शाळा सुरू झाली, तर पहिलीचा वर्ग दुपारपर्यंत सुटायचा. ताप आला की फोन, "घेऊन जा." इथे आपल्याकडे सासू असते, नणंद असते, शेजारची खाला असते, भांडी घासायला बाई येते. आपला संसार या सगळ्यांच्या खांद्यावर चालतो, पण आपल्याला वाटतं तो आपल्या पगारावर चालतो. तिथे गेलं की हे खांदे नाहीसे होतात आणि माणसं उरतात दोनच. त्यातला एक मी होतो, म्हणजे खरं तर एकच उरली.

आमच्या इमारतीत 'केरवोखं' नावाची प्रथा होती. त्या भागातली जुनी रीत आहे. पाळीपाळीने एकेका घराने आठवडाभर जिना झाडायचा, पुसायचा. पाळी आली की दारावर पाटी लागते. नावातच केर आहे म्हणून आम्ही हसलो होतो. खालच्या मजल्यावरचे सत्तरीचे आजोबा त्यांच्या आठवड्यात स्वतः बादली घेऊन पायऱ्या पुसायचे. आमच्या पाळीत बायको पुसायची. मी त्यांच्या बाजूने "गुटन मॉर्गन" म्हणत ऑफिसला जायचो. एकदा त्यांनी तिला विचारलं, "तुमच्या नवऱ्याची पाठ दुखते का?" ती रात्री हसत हसत सांगत होती. हसण्यासारखं ते नव्हतं.

आता मुद्द्याचं बोलतो. नोकरीत सहा महिने झाले की कामाचे तास कमी करून मागण्याचा हक्क जर्मन कायदा देतो. पंधराहून जास्त माणसं असलेल्या कंपनीला तो सबळ कारणाशिवाय नाकारता येत नाही. माझ्या टीममधले दोन बाप आठवड्यातून चार दिवस काम करायचे आणि पाचव्या दिवशी मुलांना पोहायला न्यायचे. मी साडेपाच वर्षांत एकदाही अर्ज केला नाही. पगार कमी होईल, गावी पाठवायचे पैसे कमी पडतील, बॉस काय म्हणेल, अशी कारणं माझ्याकडे होती. बायको बी-टूपर्यंत पोचली ती २०२२मध्ये, रात्री साडेनऊनंतरच्या ऑनलाइन वर्गांवर. माझ्या बायकोला जर्मनीने घरी बसवलं नाही, मी बसवलं.

"पण कमावणारा एक, तर घर बघणारं कुणीतरी लागतंच," असं मला सांगितलं जातं. लागतंच. ते कायम एकाच माणसाने का करायचं, एवढंच विचारतोय. "आमच्या बायकांना घरीच आवडतं," हेही ऐकलंय. ते त्यांना बोलू द्या. ज्या बाईला खरंच आवडतं तिच्याशी माझं भांडण नाही. पैगंबरसाहेब घरकामाला हात लावायचे, हे जुम्म्याच्या बयानात ऐकून आपण माना डोलावतो आणि घरी येऊन पाण्याचा ग्लास मागतो.

काही जण म्हणतात, "युरोपची भानगडच नको, आखातात जाऊ, मुसलमानी मुलूख आहे." कोकणातल्या पोराला आखात काय ते कुणी शिकवायला नको. माझे अब्बा कुवेतमध्ये होते. ऑगस्ट १९९०मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. लाख-दीड लाखाहून जास्त भारतीय तिथून परत आणले गेले, बरेचसे अम्मानमार्गे. अब्बा एक बॅग घेऊन आले. तिथलं राहणं नोकरीला बांधलेलं असतं. नोकरी गेली की मोजकी मुदत आणि मग परतीचं तिकीट. सौदीने २०१७मध्ये कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिना १०० रियाल कर लावला. दर वर्षी वाढवत २०२०पर्यंत तो ४००वर नेला. चार माणसांचं कुटुंब असलेल्यांनी बायकामुलांना गावी पाठवून दिलं. आणि अमिरातीत २०२२पासून शनिवार-रविवार सुट्टी आहे, शुक्रवारी अर्धा दिवस काम असतं. मुलूख कुणाचा, यावरून दिवस कसा जाईल ते ठरत नाही.

अब्बांच्या पिढीतले पुरुष एकटे जायचे. अम्मीने घर एकटीने चालवलं, पण तिच्या पाठीशी अख्खा मोहल्ला होता. आम्ही बायकामुलांना बरोबर नेतो आणि त्याला प्रगती म्हणतो. "मी कमावतो, माझं काम संपलं" ही समजूत तीच राहिली, मोहल्ला तेवढा गेला.

आता ज्यांच्या हातात ऑफर लेटर आहे त्यांनी, सही करण्याआधी, बायकोसमोर बसून या पाच गोष्टी कागदावर लिहाव्यात.

एक, नोकरी गेली तर काय? ब्लू कार्ड पहिल्या काळात नोकरीला बांधलेलं असतं. माझ्या वेळी पहिली दोन वर्षं नोकरी बदलायला परवानगी लागायची. आता नियम सैल झालाय, तरी पहिलं वर्ष बांधलेलंच आहे. सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा.

दोन, बायकोची पदवी तिथे परवान्याच्या यादीत आहे का? असेल तर भाषेचा वर्ग इथेच, निघण्याआधी सुरू करा. आणि तिच्याबरोबर तुम्हीही करा. ब्लू कार्डवाल्याला बी-वन आली तर २१ महिन्यांत कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो.

तीन, सोमवार ते शुक्रवार मूल कोण आणणार, कोण सोडणार, तापात कोण घरी थांबणार? तासांनुसार लिहा. एकाच्याच नावाने कागद भरला, तर तो फाडून परत लिहा.

चार, आईवडील. पाहुण्यांच्या व्हिसावर ते १८० दिवसांत ९० दिवस राहू शकतात. अब्बा एकदा आले होते. तिसऱ्या आठवड्यात म्हणाले, "इथं सलाम करायला माणूस भेटत नाही रे." एप्रिल २०२१मध्ये ते गेले. आपल्यात मय्यत ताटकळत ठेवत नाहीत. जनाजा चार तासांत उठला, तो मी फोनवर पाहिला. भावंडांपैकी जवळ कोण राहणार आणि त्याच्या वाट्याला काय येणार, हे आधी बोला.

पाच, परतीचा रस्ता. तिथल्या बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांच्या शाळा वेगळ्या होतात, पुढे विद्यापीठाकडे कोण आणि कारागिरीकडे कोण हे तिथून आकार घेऊ लागतं. म्हणून आम्ही २०२३मध्ये, मुलगी आठ वर्षांची असताना परतलो. तरी उशीरच झाला. तिला देवनागरी येत नव्हती, आणि महाराष्ट्रात २०२०च्या कायद्याने सगळ्या शाळांत मराठी सक्तीची आहे. तिसरीत बसून तिने अ, आ, इ गिरवलं. पहिलं वर्ष ती रोज रडली. परत यायचं असेल तर कधी, हे जाण्याआधी ठरवा आणि घरात रोज पंधरा मिनिटं मराठी वाचून घ्या.

परतायचा निर्णय बायकोचा होता. "अजून तीन वर्षं मी परीक्षा देऊ शकते," ती म्हणाली, "पण तुम्ही पाच वाजता घरी याल का?" मी लगेच हो म्हणू शकलो नाही. तिला उत्तर मिळालं. आज ती पुण्यात एका फार्मसीत काम करते, सहा वर्षं धाकट्या मुलीच्या हाताखाली. मुलीला शाळेतून मी आणतो. हे मी श्टुटगार्टला करू शकलो असतो, तर कदाचित आम्ही अजून तिथेच असतो.

चुलतभावाला हे सगळं सांगितलं. तो गप्प झाला, मग म्हणाला, "भाई, तिला अजून विचारलंच नाहीये मी." ऑफरला उत्तर द्यायला त्याच्याकडे दहा दिवस होते. मी म्हटलं, दहा दिवस पुष्कळ आहेत. आज रात्रीची भांडी तू घास, आणि घासता घासता विचार.