मोठा पडदा ही चैन नव्हे

मा. संपादक,


मोठ्या पडद्याचे मोबाइल म्हणजे निव्वळ चैन, हे आपल्या अंकातले मत पटले नाही. साडेसहा इंची फोन मुठीत मावत नाही, असे लेखक म्हणतात. पण पडद्याचे इंच तिरपे मोजतात. जुना साडेपाच इंची (उंची-रुंदीचे प्रमाण १६:९) आणि आजचा साडेसहा इंची (२०:९) या पडद्यांची रुंदी जवळपास सारखीच, साधारण ६८ मिलिमीटर. वाढली ती उंची.

राहिली चैन. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यात ई-पीक पाहणी, म्हणजे शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करायची पिकाची नोंद, सुरू झाली. पाचोऱ्याच्या शिवारात कपाशीत उभे राहून गट क्रमांक निवडायचा, क्षेत्र भरायचे, पिकाचा फोटो चढवायचा. साठीतला शेतकरी अक्षर मोठे करतो, तेव्हा लहान पडद्यावर अर्धा मजकूर दिसेनासा होतो. इथली चूक थेट सातबाऱ्यावर जाते.

एका हाताने वरचे टोक गाठता येत नाही, एवढे मान्य. उन्हात न दिसणे हा मात्र आकाराचा नव्हे, पडद्याच्या उजेडाचा दोष.

फोन घेताना वडीलधाऱ्यांना दुकानात सोबत न्या, त्यांनाच सातबारा उघडून वाचू द्या आणि मगच आकार ठरवा.

आपला,
एक शेतकरी वाचक, पाचोरा (जि. जळगाव)